पावागडची करवंदं: आधी काटा बघा, मग फळ

वडोदऱ्यात उन्हाळ्यात 'करमदां' म्हणून मिळतात ती आपली करवंदं. विकत घेताना चिंता नसते. पारख लागते ती पावागडच्या उतारावर स्वतः जाळीत हात घालताना. तिथे बरेच जण रंगावर जातात: काळं झालं म्हणजे पिकलं, पिकलं म्हणजे खायचं. पण बिट्टीचं, म्हणजे पिवळ्या कण्हेराचं फळही पिकून काळं पडतं आणि त्याचं विष थेट हृदयावर परिणाम करतं. गावाजवळच्या कुंपणांना बिट्टी सर्रास लावलेली असते, म्हणून ही गल्लत जिवावर बेतू शकते.

दुसरा समज उलटा: चीक आला की झाड विषारी. करवंदाचं पान तोडा, कच्चं फळ चिरा, पांढरा चीक येणारच. करवंद आणि बिट्टी एकाच कुळातली, त्यामुळे चिकावरून काहीच ठरत नाही. करवंदाची पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, लंबगोल. पेऱ्याशी सरळ, टणक काट्यांची जोडी, एखादा काटा दुभंगलेलाही. बिट्टीला काटाच नाही, पानं अरुंद, लांब. करवंदाचं फूल पांढरं, जाईसारखं, पाच पाकळ्यांचं. बिट्टीचं पिवळं, घंटेसारखं. तरी शंका उरली तर फळ चिरा. करवंदात चपट्या बारीक बिया असतात, बिट्टीत एकच टणक आठळी.

जाळीत दिसणारी घाणेरी (टणटणी) ओळखणं सोपं: चौकोनी खोड, खरखरीत दातेरी पान, चुरडल्यावर उग्र वास. तिची हिरवी फळं विषारी, मुलांना लांब ठेवा.

खायला पूर्ण काळं, बोटाने हलकं पिळताच सुटणारं फळ घ्या. ओढावं लागलं तर ते कच्चं, त्याचा चीक ओठांना चिकटतो. मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून धुवा.

जेलीला मात्र नुसती काळी करवंदं घेऊ नका, जेली नीट आळत नाही. निम्मी लाल, निम्मी पिकलेली काळी घ्या; जेली आळवणारं पेक्टिन लाल फळांतच जास्त. किलोभर फळं बुडतील एवढ्याच पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवा, फडक्यात बांधून टांगा. पिळलं की जेली गढूळ होते. वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर. भांडं स्टीलचं; लोखंड किंवा ॲल्युमिनियम आंबट रसाला चालत नाही.

आयुर्वेदात हेच करमर्द: कच्चं फळ आंबट, पचायला जड, तहान भागवणारं. पित्ताचा त्रास असेल तर कच्ची करवंदं बेतानेच खा.

पावागडजवळचं जांबुघोडा हे अभयारण्य आहे. तिथली करवंदं फक्त बघा, तोडू नका.