तुम्ही विचारलंत म्हणून: गाणी दुसऱ्यांची, मग कौतुक कसलं?

"गाणी दुसऱ्यांनी केलेली, यानं नुसती एकापुढे एक लावली. त्यात ऐकायचं काय?" हाऊस या नाचाच्या संगीताच्या मिक्स संग्रहाचं, म्हणजे डीजेनं इतरांचे ट्रॅक सलग जोडून केलेल्या अल्बमचं, नाव काढलं की हे ठरलेलं. एकापुढे एक लावलेली नसतात हो. एकमेकांवर चढवलेली असतात. एकच जोड उलगडून दाखवतो.

चालू ट्रॅक 124 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 124 ठोक्यांचा, येणारा 122चा. म्हणजे दुसऱ्याचा वेग सुमारे 1.6 टक्के वाढवायचा. तबकडीवर वेग वाढला की सूरही चढतो. 6 टक्क्यांना जवळजवळ अर्धा स्वर. त्यामुळे वेग आणि सूर दोन्ही एकदमच सांभाळावे लागतात. वेगात 0.1 बीपीएमचा फरक उरला तरी 16 बारनंतर (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) दोन ट्रॅकच्या किक, म्हणजे ड्रमचे जाड ठोके, 25 मिलिसेकंदांनी फाकतात आणि 'धड'चं 'धडड' होतं.

आता प्रवेश. नव्या ट्रॅकचा लो, म्हणजे खालचा जाड आवाज, पूर्ण कापलेला, फक्त हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक ठेका, आत. आठ बार, म्हणजे साडेपंधरा सेकंद. मग टाळीसारखा क्लॅप, आणखी आठ बार. दोन्ही लो एकत्र ठेवले तर किक एकमेकींवर चढून 6 डेसिबलपर्यंत फुगतात, नाहीतर फेज उलटून, म्हणजे दोन्हींच्या लाटा एकमेकींना खोडून, खालचा आवाजच पोकळ होतो. म्हणून सतराव्या बारच्या पहिल्या मात्रेला एक लो खाली, दुसरा वर. समेवर. अर्धी मात्रा उशीर झाला तरी पायाला कळतं.

आणि खरी गोष्ट इथून पुढे. जुन्या ट्रॅकचा ए मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन सूर, अजून वर तरंगतोय: ए, सी, ई. खाली डी मायनरमधल्या नव्या ट्रॅकची बेसलाइन, म्हणजे खर्जातली सुरावट, एफवर टेकते. दोन्ही मिळून एफ, ए, सी, ई, म्हणजे एफ मेजर सेव्हन कॉर्ड! तोच उदास कॉर्ड उजळून निघतो. हे अर्धं मिनिट दोन्हींपैकी एकाही तबकडीवर नाही. तिथे बेस ई फ्लॅटवर असता तर वरच्या ईशी सतत घासला असता. मग सांगा, हे कोणी केलं? पहिल्या संगीतकारानं? दुसऱ्यानं?

सॉफ्टवेअरही बीट जुळवतं, हे मान्य. बटण दाबलं की झालं. हातानं दोन टर्नटेबलवर जुळवलेलंच खरं, स्टुडिओत शिवलेलं खोटं, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. ते टिकत नाही. शिकागोच्या वेअरहाऊस या क्लबमध्ये 1977पासून वाजवणारे डीजे फ्रँकी नकल्स स्पूलच्या टेपवर गाणी कापून-जोडून लांबवत. कात्री या कलेत मुळापासून आहे. शिवाय कुठला कॉर्ड कुठल्या बेसवर ठेवायचा, हे बटण ठरवत नाही. तरीही हातानं सावरलेल्या बीटमधली किंचित ओढाताण मला अजून हवीशी वाटते. आता ती कला की सवय, माझंच माझ्याशी पटत नाही.

तुम्हाला काही ऐकू आलं नाही, यात बऱ्याचदा दोष प्लेअरचा असतो. शफल बंद करा. प्लेअरचा क्रॉसफेड, म्हणजे एक ट्रॅक विरताना पुढचा आपोआप चढवायची सोय, शून्यावर आणा, नाहीतर मिक्सवर आणखी एक मिक्स चढतो. एमपीथ्री फाइल आवाज 'फ्रेम' नावाच्या तुकड्यांत साठवते; एक फ्रेम 1152 सॅम्पलची (आवाजाच्या नोंदींची), सुमारे 26 मिलिसेकंदांची. फाइलच्या टोकांना एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, शांतता भरतो. प्लेअरला ती शांतता गाळणारी 'गॅपलेस' सोय नसेल तर ट्रॅकचा आकडा बदलताना बीट अडखळतो आणि नाव डीजेचं खराब होतं. सबंध मिक्सची एकच फाइल किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) उत्तम. आवाज समान करायची सोय 'अल्बम'वर ठेवा, 'ट्रॅक'वर नको; नाहीतर ऐन जोडात आवाज उडी मारतो.

आणि आकडा बदलायची वाट पाहू नका. तोवर नवा ट्रॅक बऱ्याचदा अर्धं मिनिट आत आलेला असतो. मागे जा, हाय-हॅट नेमका कधी दुहेरी होतो तो क्षण पकडा आणि तिथून बार मोजा.