निपाणी ते साखळी, टॅबसकट

मे महिन्यात वन्संकडे गोव्यातल्या साखळीला निघायचं म्हटलं की आमच्याकडे बॅगांच्या आधी टॅब चार्जिंगला लागतो. पोरांना स्क्रीन दिली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा मागच्या सीटवर या दोघांच्या मध्ये बसून दाखवावं!

टॅब हातात मात्र नाही. हायवेवर ट्रकवाला कधी करकचून ब्रेक मारेल सांगता येत नाही, म्हणून तो पुढच्या सीटच्या पाठीला पट्ट्याने घट्ट बांधायचा. निपाणी सोडल्यावर तवंदी घाट चढेपर्यंत बंद; मग संकेश्वर, हत्तरगी, काकतीपर्यंत खुशाल कार्टून. एका टॅबला दोन हेडफोन लावायची पिन मिळते, ती घ्याच. आवाज निम्म्याच्या वर न्यायचा नाही, एवढी एकच अट. बेळगावात कुंदा घेतला की पुढे जांबोटीचा रस्ता.

खरी परीक्षा इथून. झाडी दाट झाली की रेंज येते-जाते, कणकुंबीनंतर चोर्ला घाटात तर बहुतेक गायबच. त्यामुळे सगळं घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवायचं. पण घाटात मी उतरवलेलंही बघू देत नाही. डोळ्यांसमोरचं चित्र स्थिर, आणि कानाच्या आतल्या भागाला मात्र प्रत्येक वळण जाणवतं. दोघांचा मेळ बसत नाही आणि पोट ढवळतं. धाकटीचं "आई, मळमळतंय" ऐकू आलं की पिशवी शोधायलासुद्धा वेळ नसतो. म्हणून घाटात स्क्रीन बंद, गाडीच्या स्पीकरवर गोष्टी आणि नजर बाहेर लांबवर.

कणकुंबीला पाय मोकळे करायला थांबलो. मलप्रभा इथेच उगम पावते म्हटल्यावर थोरला तीर्थाकडे बघतच राहिला. "सौंदत्तीला जाताना बघितलं ते एवढं मोठं धरण या पाण्याचं?" टॅबवर इतका वेळ गप्प बसलेला पोरगा पुढे अर्धा तास नदीच विचारत होता. ह्यांना ड्रायव्हिंग करता करता उत्तरं द्यावी लागली, मी ऐकून घेतलं.

मग नंबरप्लेटचा खेळ. केए २३ म्हणजे चिक्कोडी, आपली. तिला एक गुण. केए २२ बेळगाव, एमएच ०९ कोल्हापूर, दोन-दोन गुण. गोव्याची जीए दिसली की तीन. साखळी आली तरी भांडण मिटेना: धाब्यावर उभ्या असलेल्या गाड्या धरायच्या की नाहीत?