कौतुक केलं की माणसं शेफारतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नव्यानं सुपरवायझर झालेल्या मुलांना शिकवायला जातो तिथे, आणि छोट्या कारखान्यांचे मालक चहाला भेटतात तिथेही, हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच : "सर, कामगाराचं तोंडावर कौतुक करावं का? केलं की डोक्यावर बसतात." माझी नोकरी नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात, मशीन शॉपमध्ये गेली. त्यामुळे उदाहरणं लेथ, गेज आणि शिफ्टचीच येणार. तुमचं ऑफिस असेल, दुकान असेल, तर तपशील आपापले बदलून घ्या.

आधी एक मान्य करतो. हा समज हवेतून आलेला नाही. सोमवारी ज्याची पाठ थोपटली त्याचेच जॉब (मशीनवर केलेले भाग) मंगळवारी रिजेक्ट होतात. ज्याला सगळ्यांदेखत झापलं तो दुसऱ्या दिवशी सुतासारखा सरळ. हे प्रत्येक सुपरवायझरनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्याला "कौतुक करा, फायदा होतो" असं नुसतं सांगून पटत नाही. तो मान डोलावतो आणि शॉपवर जाऊन पुन्हा ओरडतो.

नेमकी हीच हरकत डॅनियल कानमन यांच्यापुढे आली होती. हे मानसशास्त्रज्ञ, पुढे 2002 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस जास्त शिकतो, असं त्यांचं सांगणं चाललं असताना एक मुरलेला प्रशिक्षक उठला. म्हणाला, माझा अनुभव उलटा आहे. विमानाची कसरत झकास जमली म्हणून एखाद्याचं कौतुक केलं, तर पुढच्या वेळी तो घसरतो. वाईट झाली म्हणून खडसावलं, तर सुधारतो. कानमननी वाद घातला नाही. जमिनीवर खडूनं खूण केली आणि प्रत्येक प्रशिक्षकाला खुणेकडे पाठ करून, न बघता, दोन नाणी मागे फेकायला लावली. अंतरं मोजली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब पडलं. ज्यांचं पहिलं भलतीकडे गेलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. यात कुणी कुणाला शाब्बासही म्हटलं नव्हतं आणि शिव्याही दिल्या नव्हत्या.

आता हे आपल्या शॉपवर लावा. एखाद्या दिवशी ऑपरेटरचं रिजेक्शन शून्य येतं, त्यात त्याचं कसब असतंच. पण बार चांगल्या मालाचा होता, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी धार) नवा होता, लाईट गेली नाही, आधीच्या शिफ्टच्या माणसानं सेटिंग बिघडवून ठेवलं नव्हतं, हेही असतं. इतकं सगळं रोज जुळून येत नाही. म्हणून फार चांगल्या दिवसानंतर बहुधा जरा कमी चांगला दिवस येतो आणि फार वाईट दिवसानंतर जरा बरा. तुम्ही काही बोललात नाही, तरी येतो. आपण मात्र चांगल्या दिवशी कौतुक करतो, वाईट दिवशी ओरडतो, आणि दुसऱ्या दिवशी जे आपोआप होणार होतं त्याचं श्रेय ओरडण्याला देतो, दोष कौतुकाला. ओरडणारे साहेब वर्षानुवर्षं याच हिशेबावर कर्तबगार ठरतात.

तेव्हा शेफारण्याची भीती बाजूला ठेवा. खरी अडचण वेगळी आहे. आपण ज्याला कौतुक म्हणतो त्यात बहुतेक वेळा सांगितलेलं काहीच नसतं.

एक प्रसंग घ्या, कुठल्याही मशीन शॉपमध्ये घडणारा. सेकंड शिफ्ट आहे. सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर, बोअरचं (जॉबच्या आतल्या भोकाचं) काम चाललंय. ऑपरेटरला कटिंगचा आवाज किंचित बदललेला वाटतो. तो लॉट मध्येच असताना मशीन थांबवतो, दार उघडतो, इन्सर्टची धार बघतो. कोपरा उडालाय. आता सरळ गोष्ट म्हणजे इन्सर्ट फिरवायचा, ऑफसेट द्यायचा (मापातला फरक मशीनला सांगायचा) आणि सायकल चालू. कुणी विचारणार नाही. पण हा ट्रेमधले तयार जॉब उलट्या क्रमानं उचलतो, एकेक बोअर गेजनं तपासतो, सलग चांगले जॉब लागेपर्यंत मागे जातो, मधले सगळे लाल बिनमध्ये टाकतो आणि शिफ्टच्या वहीत दोन ओळी लिहितो. सकाळी सुपरवायझर वही वाचतो. संध्याकाळी तोच ऑपरेटर दिसल्यावर लांबूनच हात करून म्हणतो, "काय राव, एक नंबर काम!"

ऑपरेटर हसतो. कशाबद्दल, हे त्याला कळलेलं नसतं. वेळेवर आला म्हणून? ओव्हरटाईमला नाही म्हटलं नाही म्हणून? की आज साहेबांचा मूड बरा आहे?

हेच जवळ जाऊन असं म्हणता येतं : "काल आवाज बदलल्याबरोबर मशीन थांबवलंस, आणि नुसता इन्सर्ट फिरवून पुढे गेला नाहीस, मागचे जॉब तपासलेस. त्यामुळे खराब माल इथेच राहिला, डिस्पॅचला गेला नाही. थांबल्यामुळे काउंट कमी आला, तो मी बघून घेतो."

याला अर्धा मिनिट लागतो. यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ऑपरेटरला आपण रोज दोन हुकूम देतो : काउंट (शिफ्टमधल्या जॉबचा आकडा) द्या आणि खराब माल सोडू नका. कंपनीच्या भिंतीवर दुसरा हुकूम मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, पण शिफ्ट संपताना विचारतात पहिला. दोन्ही एकमेकांना आडवे आले तर कुठला पाळायचा, हे कुणी सांगत नाही. ते त्यानं साहेबाच्या चेहऱ्यावरून ओळखायचं असतं. नेमकं कौतुक हा प्रश्न निकालात काढतं. शेजारच्या मशीनवरचा अप्रेंटिस ऐकत असेल तर त्यालाही कळतं की इथे थांबवलं तर चालतं, एवढंच नाही, थांबवायलाच पाहिजे. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराला दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार असतो, हे आपण सगळ्या ट्रेनिंगमध्ये ऐकतो. त्या विचाराचं मूळ साकिची टोयोडांच्या मागात आहे. 1924 साली त्यांनी पूर्ण केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपणहून थांबायचा. मागाला भीती नसते. माणसाला असते, म्हणून त्याला हे तोंडानं सांगावं लागतं.

आता "तू हुशार आहेस", "तू तर आपला उस्ताद" या जातीचं कौतुक. हे मी होता होईल तो टाळायला सांगतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, तू हुशार असला पाहिजेस. काहींना सांगितलं, तू मेहनत घेतली असली पाहिजेस. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात अडखळल्यावर हुशार ठरवलेली मुलं जास्त खचली, आणि आपले गुण दुसऱ्या मुलाला कळवायची वेळ आली तेव्हा वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. मुलांचं आहे, मोठ्यांना जसंच्या तसं लावू नये, हे खरं. पण शॉपवरचा उस्ताद आठवा. नवीन कंट्रोलर आला की तो कुणाला विचारत नाही. उस्तादानं विचारायचं कसं? मॅन्युअल घरी नेऊन वाचतो, किंवा वाचतही नाही आणि पहिला जॉब ठोकतो. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली फीडबॅकवरचे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. सरासरीनं फायदा दिसला, पण एक-तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट घसरलं होतं. त्यांचं म्हणणं असं की लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. कामाबद्दल बोललात तर चढायला झाडच राहत नाही.

फिटरचं मात्र अवघड आहे. मेंटेनन्समधले दोन प्रकारचे लोक तुम्हीही पाहिले असतील. एक रात्री दोनला येतो, ग्रीसनं माखतो, पहाटे मशीन चालू करतो. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव निघतं, टाळ्या होतात. दुसरा दर आठवड्याला ल्युब लाईन बघतो, फिल्टर वेळेवर बदलतो, स्पिंडलला कान लावून बसतो, आणि त्याच्या मशीनचं काहीच होत नाही. काहीच होत नाही म्हणून त्याचं नावही निघत नाही. काही वर्षांनी त्यालाही कळतं की इथे वही भरणाऱ्याला कुणी विचारत नाही, आग विझवणाऱ्याला विचारतात. मग तोही फिल्टरच्या तारखा पुढे ढकलतो. यावर मला एकच उपाय माहीत आहे : प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सची वही खरोखर उघडून वाचायची. "तू मागच्या महिन्यात बेअरिंगचा आवाज लिहून ठेवला होतास, ते काढून बघितलं, खरंच गेलेलं होतं," हे वही वाचल्याशिवाय बोलता येत नाही. खोटं कौतुक ओळखायची हीच खूण आहे, ते काही न वाचता, न बघता करता येतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अंगठा टाकून मोकळं होणं त्यातलंच.

"एम्प्लॉयी ऑफ द मंथ"चा फोटो लावावा का, असं विचारतात. मला स्वतःला तो प्रकार आवडत नाही. चार-सहा महिन्यांत त्याला भिशीसारखी पाळी लागते, पुढचा नंबर कुणाचा ते कॅन्टीनमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. लावायचाच असेल तर फोटोखाली काय केलं ते एका वाक्यात लिहा. "उत्कृष्ट कामगिरी" हे ते वाक्य नव्हे.

चारचौघांत बोलावं की एकट्याला गाठून? आपल्याकडे चारचौघांत एकाचंच वारंवार कौतुक झालं की तो "साहेबांचा माणूस" होतो. पुढे त्याला बस स्टॉपवर काय ऐकावं लागतं ते साहेबांना कधी कळत नाही. काही बायकांनाही सगळ्यांसमोर नाव घेतलेलं नको असतं, त्यांची कारणं असतात आणि ती विचारत बसू नयेत. लाईन लीडरला सोबत घेऊन टेबलाशी जाऊन बोललं की पुरतं. मी साधारण असं करायचो : कामाची पद्धत सगळ्यांना कळायला हवी असेल तर शिफ्टच्या सुरुवातीच्या मीटिंगमध्ये पद्धत सांगायची, नाव ज्याला चालतं त्याचंच घ्यायचं. बाकी मशीनपाशी. आणि कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना वगळू नका. परमनंट माणसाचं नाव मीटिंगमध्ये, आणि तेच काम कॉन्ट्रॅक्टच्या मुलानं केलं तर "कॉन्ट्रॅक्टरनं मुलं चांगली पाठवलीत", असं मी ऐकलंय. त्या मुलाला नाव असतं. ते पाठ करायला फार वेळ लागत नाही.

"पण"चं थोडक्यात. "काम छान आहे, पण तुझी हजेरी..." असं सुरू झालं की ऐकणाऱ्याला "पण"च्या अलीकडचं काही आठवत नाही. काही दिवसांनी तर तुम्ही छान म्हणालात की तो मनातल्या मनात "पण"ची वाट बघायला लागतो. हजेरीबद्दल बोलायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, फक्त हजेरीबद्दल, तेवढ्याच नेमकेपणानं बोला. चुकीबद्दलचं बोलणं कौतुकाच्या कागदात गुंडाळून देऊ नका, दोन्हीचं मोल जातं. उशीरही करू नका. वर्षाच्या शेवटी अप्रेझलच्या खोलीत जूनमधला इन्सर्ट ना तुम्हाला नीट आठवत, ना त्याला.

शेवटी पैशाचं, कारण तो प्रश्न मालक हळू आवाजात विचारतात. "कौतुक केलं की लगेच वाढ मागेल ना?" मागेल कदाचित. का मागू नये? वाढीऐवजी कौतुक द्यायचा विचार असेल तर ते न केलेलं बरं. कामगाराला तो व्यवहार पहिल्या दिवशी कळतो आणि नंतर तुमचं खरं बोलणंही त्याला तोंडदेखलं वाटायला लागतं. म्हणून इन्क्रिमेंटच्या महिन्यात एकदम गोड बोलायला लागू नका. आणि त्यानं विचारलंच, "साहेब, मग वाढीचं बघा ना," तर खाली बघू नका, विषय बदलू नका. वाढ तुमच्या हातात असेल तर कधी आणि कशावर ठरणार ते सांगा. नसेल तर सांगा, "ते माझ्या हातात नाही, पण तू काय केलंस ते मी तारखेसकट तुझ्या फॉर्ममध्ये लिहिलंय." आणि हे म्हणण्याच्या आधी ते खरंच लिहिलेलं असू द्या. फॉर्म एचआरकडे असतो, तिथल्या कारकुनाकडून त्याला ते दोन दिवसांत कळतं.