रिपेरनंतर कंट्रोलर चार्ज होत नाही, आता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रत्नागिरीत गणपतीच्या सुमारास हा प्रश्न मला हमखास येतो, कारण रिपेरला मुंबईला दिलेला पीएस फोर (सोनीचा गेम कन्सोल) कोणीतरी चाकरमानी तेव्हाच घेऊन येतो: "गेम चालतो, पण कंट्रोलर चार्ज होत नाय, रिपेरवाल्याने काय बिघडवलंन का?"

बहुतेक वेळा नाही. कंट्रोलर मुळात रिपेरला गेलेलाच नसतो, तो घरी कपाटात पडून असतो आणि लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी राहिली की एकदम तळाला जाते, मग पाच मिनिटं लावून लाईट नाही आली म्हणून मेला असं ठरवायचं नाही, तासभर तरी लावून ठेवा.

लावायचा कुठे, तर कन्सोलला नाही, साध्या ५ व्होल्टच्या मोबाईल चार्जरला, आणि केबल दुसरी घ्या, कारण मायक्रो यूएसबीची केबल आतून तुटलेली वरून कळत नाही. कंट्रोलरवरची लाईटची पट्टी नारिंगी मंद उघडझाप करायला लागली म्हणजे कंट्रोलर ठीक आहे, दोष जुन्या केबलचा किंवा कन्सोलच्या बाजूला आहे. मग कन्सोलच्या त्याच यूएसबी पोर्टला पेनड्राईव्ह लावून तो चालतो का बघा. कन्सोल पूर्ण बंद असेल तर चार्जिंग होतच नाही, आणि रेस्ट मोडमध्ये (कन्सोल झोपलेला असताना) यूएसबीला वीज द्यायची की नाही ही सेटिंग असते, सिस्टीम नव्याने टाकली असेल तर ती तपासा.

आणखी एक गोंधळ खूप जणांचा होतो. रिपेरमध्ये कन्सोलचा मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्ड, बदलला असेल तर कंट्रोलर त्या कन्सोलला ओळखतच नाही, केबल लावून कंट्रोलरवरचं मधलं पीएस बटण दाबून पुन्हा जोडावा लागतो, आणि नुसत्या चार्जिंगच्या केबलने चार्ज होईल पण जोडला जाणार नाही, डेटावाली लागते. जोडणं आणि चार्ज होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंट्रोलरच्या मागे एल टू बटणाजवळ बारीक भोक आहे, त्यात पिन घालून पाच सेकंद दाबलं की रिसेट होतो, तेही करून बघा.

चार्जरलाही काहीच नाही? मग टॉर्च मारून कंट्रोलरच्या पोर्टात बघा. आपल्याकडे खरा शत्रू हाच आहे, खारी हवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या वस्तूच्या पिनांवरसुद्धा हिरवट थर धरतो, मुंबई-पुण्याच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही म्हणून मी पुन्हापुन्हा सांगतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल (लगेच उडून जाणारं साफ करायचं अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने हलक्या हाताने साफ करा, आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावायचा नाही. तांदळात पुरून ठेवू नका, पीठ आत जातं. सुईने खरवडू तर अजिबात नका.

तरीही नाही झालं तर नवा कंट्रोलर घ्यायची घाई करू नका. मागचे चार स्क्रू काढले की चार्जिंग पोर्टाचा छोटा वेगळा बोर्ड निघतो, बॅटरीही नुसत्या प्लगवर असते, दोन्ही सुटं मिळतं. फक्त जुना बोर्ड काढून दुकानात सोबत न्या, त्याला जोडणारी चपटी केबलची पट्टी १२ पिनची आणि १४ पिनची अशी वेगवेगळी येते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.