चिंधी

शर्यत रविवारी, आणि गडी शनिवारी संध्याकाळी सात वाजता टेम्पोत डर्टबाईक, म्हणजे मातीत उड्या मारायची गाडी, घालून माझ्या गॅरेजच्या दारात हजर. आमच्या कोल्हापुरात हे दर वेळचंच.

"मामा, चेन लई लोंबत होती. सकाळीच आवळली. आता करकरतीया."

बोट लावून पाहिलं, तर चेन सतारीच्या तारेसारखी. रोज रस्त्यावरची गाडी चालवणाऱ्याला डर्टबाईकची चेन कायम ढिलीच वाटते. उभ्या गाडीत ती ढिलीच पाहिजे. उडी मारून गाडी खाली आपटली की मागचं चाक फूटभर वर दबतं. त्या प्रवासात पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरते ते दातेरी चाक), स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. तेव्हा चेनीला सैल नसेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग मरतं, नाहीतर चेन तुटते, पुढे गोळा होते आणि इंजिनचं केसिंग फोडते. सांगून पटेना, म्हणून पट्ट्यानं मागची बाजू खाली आवळली. तिन्ही टोकं एका रेषेत यायच्या आतच चेन कडकड वाजायला लागली. मग गप्प बसला.

चेन तशीही संपलेलीच होती. मागच्या स्प्रॉकेटवरून ओढली तर अर्धा दात उघडा पडत होता. ५२० नंबरच्या नव्या चेनीत १६ कड्या २५४ मिलिमीटर भरतात. ह्या भरल्या २५९. दात हुकासारखे वाकलेले. नवी चेन जुन्या दातांवर चढवली तर तीही लवकर जाते, त्यामुळे दोन्ही स्प्रॉकेटसकट सेट बदलायचा ठरला.

जुनी उतरवताना आणखी एक गंमत दिसली. चेनीची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची चकती उलटी. बंद तोंड चेनीच्या धावायच्या दिशेला हवं, म्हणजे वरच्या बाजूला पुढे. उघडं तोंड पुढे असलं की एखादा खडा ते उचकटून नेतो. हा असाच कितीतरी उड्या मारून आला होता! देव बघतो काहींना.

नवी चेन जुनीशेजारी ठेवून मापायची नसते, कड्या मोजायच्या. ११४ कड्यांत अशी वाढ साडेतीन सेंटिमीटरवर जाते, म्हणजे नवी जुनीएवढी तोडली तर दोन कड्या जास्त राहतात. कड्या मोजून तोडली, दोन्ही नव्या स्प्रॉकेटवर चढवली, नवं लॉक बसवलं, चाक सरळ धरून एक्सल आवळला. ढिलाई पुन्हा पट्टा लावून तपासली. ऑईल सोडलं आणि मी हात धुवायला मोरीकडे गेलो.

पाठीमागे इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर गाडी पेटीवर चढवलेली, पहिला गिअर पडलेला, चाक फिरतंय आणि हा जादा ऑईल चिंधीनं पुसतोय.

ओरडायलाही सुचलं नाही. साबणाच्या हातानंच धावत जाऊन इंजिन बंद करायचा किलस्विच दाबला. तोवर चिंधी मागच्या स्प्रॉकेटनं ओढून नेली होती. फटकन आवाज झाला नि चाक अडकलं. तो हात पुढे धरून तसाच उभा. पाची बोटं जागेवर. चिंधी त्यानं नुसती चिमटीत धरली होती.

माझ्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर २००८ पासून नाही. मी चिंधी गुंडाळली होती.

प्लगची कॅप काढली, गाडी न्यूट्रलला घेतली. चाक थोडं थोडं उलटं फिरवत पकडीनं चिंधीचे तुकडे ओढून काढले. हातानं फिरवलेलं चाकही दात आणि चेन यांच्यात आलेलं बोट सोडत नाही. एक कडी जरा ताठ वाटली, ती हलवून मोकळी केली. लॉक पुन्हा पाहिलं. साडेनऊ वाजले.

पैसे देताना तो माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. नोटा मी उजव्या हातानं घेतल्या.