रताळं

माघ वद्य नवमीला गाव सोडलं तेव्हा हरभरा घाट्यांनी लगडला होता आणि दादर ज्वारी कणसात आली होती. वेचणीनंतरही कपाशी उभी राखायची ती फरदड यंदा ठेवलीच नाही. गुलाबी बोंडअळीला घर करून द्यायचं नव्हतं, म्हणून डिसेंबरातच पऱ्हाट्या उपटल्या. काळजी उरली ती पाण्याची. आठवडाभर शेताला रात्रीची लाईन होती, वीज रात्रीच यायची. पुतण्याच्या हातात बॅटरी आणि गमबूट दिले, पुन्हा पुन्हा तेच तेच बजावलं आणि दिंडीत जाऊन उभा राहिलो. मुक्ताईची ही वारी वडील चालायचे. ते गेल्यापासून मी चालतो.

वेशीबाहेर पडलो आणि टाळकऱ्यांच्या मागच्या ओळीत तो दिसला. सुरतेहून आला होता. शाळेत आठवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसलो. शेतं बांधाला बांध, विहीर सामाईक. 2018च्या दुष्काळात मोटर तासाभरात हवा ओढायला लागायची. एका रात्री त्याची पाळी असताना मी पाणी माझ्या हरभऱ्याला फिरवलं. त्याचा गहू ओंबीत वाळला. तो भांडलासुद्धा नाही. आखाजीला, अक्षय तृतीयेला, वावर बटाईने लावलं आणि बायकामुलांना घेऊन सुरतेला निघून गेला.

दोन दिवस आम्ही एकाच दिंडीत चाललो, एका पंगतीत जेवलो आणि एकमेकांकडे पाहिलं नाही. बोदवडला कीर्तनात चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा निघाली. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी 65 ओव्यांचं उत्तर पाठवलं. मी इतक्या वर्षांत त्याला एक ओळ पाठवली नव्हती. त्या रात्री झोप लागली नाही.

एकादशीला दुपारी डाव्या टाचेचा फोड फुटला. अंगठ्याजवळ दुसरा टरारून आला होता. डांबर तापलेलं, पुढच्या कुठल्याशा दिंडीच्या ट्रॅक्टरवर भोंगा लावलेला, त्यात आमचे टाळ ऐकूच येईनात. मला फार राग आला. मुक्ताईच्या दारी जाताना भोंगा कशाला लागतो? नाम तोंडात होतं, पण मन त्या भोंग्याशी भांडत होतं. दिंडी पुढे गेली आणि मी रस्त्याकडेच्या निंबाखाली बसलो.

वावरात एक म्हातारी हरभरा उपटत होती. तिनं मला पाहिलं, कळशी घेऊन आली, पायावर पाणी ओतलं. "लई भाजला रे भाऊ पाय," म्हणाली. गोणपाट झटकून अंथरलं. तेवढ्यात मागे राहिलेल्यांबरोबर तो आला आणि थांबला. काही न बोलता खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला. टोपीच्या दुमडीतून दोरा ओवलेली सुई काढली. सुरतेत तो साड्यांना लेस लावायचं काम करतो. अंगठ्याच्या फोडातून सुई आरपार काढली आणि पाणी झिरपत राहावं म्हणून दोरा आतच ठेवला. मग उपरण्याची पट्टी फाडून टाचेला बांधली. त्याचे हात अजून तसेच आहेत, सावकाश.

म्हातारीनं ओंजळभर घाटे पुढे केले आणि लगेच मागे घेतले. "आज एकादस, नही का!" मग फडकं सोडलं. त्यात एकच उकडलेलं रताळं होतं. तिचं फराळ. तिनं ते मोडून आम्हाला अर्धं अर्धं दिलं.

"आजी, तुम्ही काय खाल?"

"मी घरी जाऊन खाईन."

ऊन डोक्यावर होतं. माझी आई निंदायला जायची, म्हणून मला माहीत आहे, ही बाई दिवे लागल्याशिवाय घरी पोचणार नव्हती. रताळं उन्हानं कोमट झालेलं, सालीला थोडी माती. आम्ही सालीसकट खाल्लं. माझ्या घशात घास उतरेना.

"तुझा गहू..." मी म्हणालो.

"यंदा पाणी किती आहे विहिरीत?" त्यानं विचारलं.

"दोन परस."

"अन् मोटर?"

"तीच. दोनदा भरून आणली."

उरलेल्या वाटेवर तो विहिरीबद्दलच विचारत राहिला. चालताना माझी पिशवी त्याच्या खांद्यावर होती.

एदलाबादला, म्हणजे मुक्ताईनगरला, दर्शनबारी, कोथळीला जुनं मंदिर. गर्दीत कळस दिसला तेव्हा मी वडिलांचं नाव घेतलं. शिवरात्रीला चांगदेव गावी गेलो. हतनूर धरणाचं पाणी संगमापर्यंत तुंबलेलं, तापी कुठली आणि पूर्णा कुठली ते अंधारात कळत नव्हतं. रात्री अकराला पुतण्याचा फोन आला, लाईन आली म्हणून.

"आज पाणी खालच्या वावराला सोड," मी म्हणालो. "बटाईदाराला उठव. त्याचा गहू ओंबीत आहे."

त्यानं माझ्या हातातून फोन घेतला.

"अन् ऐक, निंबाजवळ पाण्याच्या दंडाचा कोपरा फुटतो, तिथं आधी माती टाकजो."

तो कोपरा अजून तिथंच फुटतो.