लडाखमधला रेघाळ फिंच: सेरिन की ट्वाइट?

लडाखमध्ये चिमणीहून लहान, अंगभर रेघा असलेला फिंच (बी खाणारा पक्षी) दिसला की आधी दोन नावं डोक्यात यावीत: फायर-फ्रंटेड सेरिन आणि ट्वाइट. लेहमध्ये विरळ हवेची सवय झाल्यावर, ऑगस्टच्या उत्तरार्धात खारदुंग ला ही खिंड ओलांडून आम्ही नुब्रा खोऱ्यात उतरलो ते सेरिनसाठीच. तिथल्या हुंदर गावाची उंची साधारण 3,100 मीटर. गर्दी वाळूच्या टेकड्यांकडे आणि उंटांकडे जाते (जाऊ द्यावी). सेरिन सापडतो गावाच्या कडेला, सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, पाण्याचे पाट आणि बी धरलेलं रान एकत्र असेल तिथे.

प्रौढ सेरिन ओळखायला सोपा: डोकं आणि छाती काजळी फासल्यासारखी, कपाळावर शेंदरी ठिपका. मागून पाहिलं तर मात्र ठिपका दिसत नाही. खरा घोळ घालतात त्या हंगामातली पिल्लं. त्यांना ना काळं डोकं, ना लाल कपाळ. चेहरा तांबूस-तपकिरी, बाकी सगळ्या रेघाच. काटेरी फुलाच्या बोंडावर उलटं लटकून बी उपसणारं असं एक पिल्लू दुर्बिणीत बराच वेळ होतं. चोच इवलीशी, आखूड आणि गडद. पंखांच्या पिसांना पिवळसर कडा. उडताना नाजूक, थरथरती किलबिल.

पुढे हानले गावात, सुमारे 4,300 मीटरवर, ट्वाइट भेटला. हा उघड्यावरचा पक्षी: दगडी कुंपणं, ओलसर कुरणाची कड, गावालगतची शेतं. अंगाने किंचित मोठा, शेपूट लांब आणि टोकाला खाच असलेली. गळा आणि चेहरा बदामी, गळ्यावर रेघा जवळपास नाहीत. पंखात पांढऱ्या कडा. नर उडाला की शेपटीच्या मुळाशी गुलाबी झाक दिसते, म्हणून तो उडेपर्यंत दुर्बीण खाली करू नये. पुस्तकात दाखवलेली पिवळी चोच हिवाळ्यातली. उन्हाळ्यात ती करडी असते, आणि नेमकं इथेच लोक फसतात.

तिसरा संशयित म्हणजे रोजफिंचची मादी. तीही रेघाळ, पण चोच जाड आणि फुगीर. फोटो काढताना पाठीपेक्षा चोचीची बाजू मिळवा. दुपारच्या प्रखर उन्हात रेघा फिकटतात, सकाळीच जा.